कॅप्टनचं ऊन

संयोगितानं कासवाचं नाव कॅप्टन ठेवलं आणि घरात पहिली ठिणगी पडली. तिचे आजोबा, नाथाजीआबा, फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले.

"म्हंजे आता आमी रोज सकाळी उठून कासवाला सॅल्यूट मारायचा व्हय?" असं म्हणून त्यांनी पेपर तोंडापुढं धरला. पण इस्लामपूरच्या त्या घरात काचेच्या टाकीपाशी सगळ्यात जास्त वेळ कोण बसायचं, तर आबाच.

कॅप्टन परदेशी जातीचा, डोळ्यामागं लाल पट्टा असलेला. संयोगिताच्या वाढदिवसाला पप्पांनी आणून दिला आणि ते सुट्टी संपवून राजस्थानला आपल्या युनिटमध्ये गेले. कासवाबद्दल जे जे वाचता येईल ते ते संयोगितानं मोबाईलवर वाचून काढलं. ती यंदा नववीत गेलेली, विज्ञान प्रदर्शनात पहिली आलेली, त्यामुळं वाचलेलं पोटात ठेवणं तिला अवघडच जायचं. दूधवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना तिनं ऐकवलं, की कासवाला नुसता उजेड पुरत नाही, उन्हातले यूव्हीबी किरण लागतात. ते नसले की अंगाला कॅल्शियम लागत नाही आणि पाठ मऊ पडते.

ते ऐकून आबांनी टाकी उचलून बंद खिडकीशी ठेवली. "हे बघ. फुकाटचं ऊन. लय झ्याक येतंय."

"आबा, काचेतून उजेड येतो, यूव्हीबी काचेतच अडतो. तुम्ही त्याला उन्हाचा फोटो दाखवताय."

आबांनी टाकी उचलून परत जागेवर ठेवली. सुभेदाराला माघार घ्यायला लावली म्हणून संयोगिता दोन दिवस हवेत होती.

मग गणपतीच्या सुमारास पप्पांनी खास यूव्हीबीची ट्यूब पाठवली. आता तिची मम्मी, राजेश्वरी, म्हणजे वस्तू जपण्यात पटाईत. घरातल्या फ्रिजच्या दारावरचा कागद अजून निघालेला नव्हता. रिमोट पिशवीत, मिक्सरला झालरीचा झगा, सोफ्याला कव्हर आणि त्या कव्हरला आणखी एक कव्हर. तिनं ट्यूबला हळदीकुंकू लावलं आणि जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची लांब पिशवी शिवून तीत ट्यूब घातली.

"एवढ्या लांबनं आलीया. धूळ बसंल," मम्मी म्हणाली. संयोगितानं बटण दाबून बघितलं. उजेड लख्ख पडला. पिशवीच्या नाड्या तिनंच बांधल्या, त्याही छान फुलासारख्या. टाकीवरचं काचेचं झाकण मात्र आठवणीनं काढून ठेवलं आणि आबांना पुन्हा एकदा सुनावलं, "काच नको म्हणजे नको."

दिवाळी झाली आणि कॅप्टननं खाणं टाकलं. पाठ बोटानं दाबली की ओल्या पुठ्ठ्यासारखी दबायची.

आबा म्हणाले, "त्याला घर मानवत न्हाई. गावाकडं कुंडलला आपल्या इहिरीत सोडू. इहिरीत कासव असलं की पानी निवळ ऱ्हातंय."

"आबा, ते परदेशी आहे. ते विहिरीत सोडायचं नसतं, आपल्या माशांचं, कासवांचं खाणं पळवतं. आणि अशी मऊ पाठ घेऊन ते तिथं जगणार तरी कसं?"

"हितं तर कुठं जगतंय? ऐतवारपतुर बघू. न्हाईतर कुंडल."

संयोगितानं ट्यूबचं अंतर पुन्हा मोजलं. सगळं पुस्तकात असावं तसं होतं. मग कॅप्टन मरायला का निघाला होता, हे तिला काही केल्या कळेना. तिला पहिल्यांदाच कुणाला काही सांगावंसं वाटेना.

शुक्रवारी शेजारच्या गोठ्यात म्हैस बघायला डॉक्टर मायाताई आल्या होत्या. आबांनी त्यांना गाठलं.

"आवं, मी म्हशींची डॉक्टर," म्हणत त्या आल्या, पण आल्या. कॅप्टनला तळहातावर घेऊन त्यांनी पाठ दाबून बघितली. "यूव्हीबीची काही सोय केलीय का?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून संयोगिता गणपतीपासून थांबली होती. ती एका दमात सुटली. "केलीय ना. ट्यूब खास मागवलीय, फूटभर अंतरावर लावलीय, दिवसभर चालू असते. झाकण पण काढलंय, कारण मध्ये काच आली किंवा प्लॅस्टिक आलं तर यूव्हीबी..."

आणि ती थांबली.

सगळ्यांनी ट्यूबकडं बघितलं. नाड्यांची फुलं अजून तशीच टवटवीत होती.

"उन्हाचा फोटो," आबा एवढंच म्हणाले आणि मिशीवरून हात फिरवत बसले.

संयोगिता कात्री घेऊन आली, तशी मम्मी आडवी आली. "आगं, नव्याची नवी हाय गं."

"वहिनी," मायाताई म्हणाल्या, "म्हशीला पेंड घालताना पोत्यासकट घालतात का?"

पिशवी फाटली. मायाताईंनी कॅल्शियम लिहून दिलं. गच्चीवर टबात ठेवून सकाळचं कोवळं ऊन थेट अंगावर द्या म्हणाल्या, पण अर्ध्या टबात सावली ठेवा आणि एक माणूस राखणीला बसवा. "पाठ कडक व्हायला महिने जातील हां. रविवारी काही दिसायचं नाही."

आणि आबांनी तर रविवारच दिला होता.

रविवारी सकाळी आबा टोपी घालून, पिशवी घेऊन तयार झालेले बघितल्यावर संयोगिता गच्चीवर धावली. टबात कॅप्टन विटेवर चढून पाय ताणून पडला होता. मागून आबा आले. त्यांनी पाठ दाबली. दबलीच. मग त्यांनी पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि एक पान पाण्यात टाकलं. कॅप्टननं मान काढली, बराच वेळ विचार केला आणि पानाचा एक कोपरा तोडला. पाण्याच्या टाकीवर कावळा येऊन बसला, तशी आबांनी काठी उचलली.

तेवढ्यात फोन वाजला. कुंडलहून शेती बघणारे जोतिबाकाका विचारत होते, कवा निघताय.

"न्हाई जमत रं गड्या. हितं ड्युटी लागलीया. किती दिस म्हंजे? महिने लागतील म्हनलीया डॉक्टरीन."

संयोगिताच्या जिवात जीव आला आणि त्याबरोबर जीभही परत आली. ती टबाशी येऊन उभी राहिली. "आबा, बघा, आता कसं होतं, यूव्हीबी थेट कातडीवर पडला ना, की अंगात डी जीवनसत्त्व तयार होतं, आणि मग..."

"ऐकतूय की," आबा म्हणाले. "पर आदी बाजूला सर. त्याच्या उन्हात हुबी ऱ्हायलीस."