मिरचीच्या नाचाची तबकडी

ऐन हंगामात ढोलकीवाला जान्या शहाद्याच्या पार्टीला जाऊन मिळाला, आणि मंगलाबाईने ठरवलं की आता माणसांच्या भरवशावर राहायचं नाही. नाचाची पार्टी चालवायला लागल्यापासून तिने बरेच ढोलकीवाले पाहिले होते. कोणी दारूत गेला, कोणी सासरवाडीला जाऊन बसला, कोणी भर कार्यक्रमात रुसला. मग एका जत्रेत चहाच्या तंबूत तिने फोनो ऐकला. किल्ली दिली की तबकडी गायला लागायची. तिला विडी लागत नव्हती की उचल.

"आपलं गाणं ह्यामा भरी लेऊत, दोधूभाऊ," ती पेटीवाल्याला म्हणाली. "तबकडी काही पयी जात नही."

दोधू ब्राह्मणपुरीचा. घरची चांगली बागायत भावांच्या गळ्यात टाकून तो पेटीमागे लागला होता. नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या रानात, बाया दिवसभर देठं खुडतात. त्यांच्यावर मंगलाबाईने नवा नाच बसवला होता आणि त्याचं सगळं संगीत दोधूने स्वतः रचलं होतं. नाटकातली एकही चाल उसनी घेतली नव्हती. गाण्यात मधेच बायांना ठसका लागायचा, तोही तालात.

तबकडी भरायची तर मुंबईला जावं लागणार होतं, आणि कंपनीला पैसे आधी हवे होते. म्हणून दोघं हस्तीमल शेठच्या पेढीवर गेली.

हस्तीमल शेठ मिरचीचे मोठे व्यापारी. कलेशी त्यांचं काही भांडण नव्हतं, कारण तोवर ओळखच नव्हती. पण कापडवाल्या उत्तमचंदने गुरांसाठी हौद बांधला आणि सरकारने त्याला रावसाहेब केलं, तेव्हापासून शेठजींना झोप लागेना. दुसरा हौद बांधावा तर गावात तेवढी गुरं नव्हती. मग रतिलाल वकिलांनी सुचवलं की कलेक्टरसाहेबांना कलेचा शौक आहे. आठवड्याच्या आत कलोत्तेजक मंडळ निघालं. अध्यक्ष शेठजी, चिटणीस वकील, आणि विद्वान कोणी तरी हवा म्हणून शाळेचे हेडमास्तर.

"मंडळाचा नियम आहे," वकील म्हणाले, "संगीत स्वतंत्र पाहिजे."

दोधूने पेटी वाजवली. वकिलांनी डोळे मिटून ऐकलं.

"चाल ओळखीची वाटत नाही."

"नवी शे ना, साहेब."

"तेच म्हणतोय मी. स्वतंत्र असावी, पण ओळखीची वाटावी."

हेडमास्तरांची हरकत भाषेवर होती. अहिराणीत गाणं कलेक्टरसाहेबांपुढे म्हणजे जिल्ह्याची अब्रू जाईल, असं त्यांचं म्हणणं. शब्द ते स्वतः शुद्ध करून देणार होते. त्यांनी लगेच 'हे रक्तवर्ण मरीचिके' अशी सुरुवातही करून दाखवली. मरीचिका म्हणजे मृगजळ हे वकिलांना ठाऊक होतं, पण ते हेडमास्तरांच्या शेजारीच राहत होते.

शेठजींना फक्त ठसका खटकला. "बाई, ये खोकला कसाले? साहेब समजेगा, हस्तीमल का माल खराब है."

"माल चांगला शे म्हनीसनच ठसका लागस, शेठजी," मंगलाबाई म्हणाली.

शेठजींना हे आवडलं, तरी ठसका गेला. मंगलाबाईने सगळ्यालाच मान डोलावली आणि रक्कम मंजूर झाली. बाहेर आल्यावर दोधू तिच्यावर चिडला तेव्हा ती म्हणाली, "मुंबईले पोची जाऊ दे. तठे गाणं भराले आपणच ऱ्हासूत."

तिचा हा अंदाज चुकला. सुरतेवरून मुंबईला जाणाऱ्या गाडीत शेठजी, वकील आणि हेडमास्तर आधीच बिछाने पसरून बसले होते. मंजूर रकमेत तिघांचा प्रवास, उतारा आणि जेवणखाण बसवल्यावर मुंबईत भाड्याने ढोलकीवाला घ्यायला काही उरलं नाही. मंगलाबाई बायांच्या डब्यात बसली आणि दोधू एकटा पेटी मांडीवर घेऊन संडासाच्या दाराशी बसून गेला.

कंपनीच्या माणसाने आधीच बजावलं की तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. "दोन शब्द बोलतो फक्त," म्हणत शेठजी पुढे झाले. वडील मारवाडातून आले तिथून त्यांनी सुरुवात केली. दर तीन-चार शब्दांनी ते घसा खाकरत आणि 'तो बात ऐसी है' म्हणत. मिरची बाजारापर्यंत पोचले तेव्हा पहिली बाजू संपली होती. दुसऱ्या बाजूला वकिलांनी आभार मानले. वेळ संपल्याचा हात कंपनीच्या माणसाने उंचावला तेव्हा मंगलाबाईला मागे सारून हेडमास्तरांनी मरीचिकेला नुकतीच हाक मारली होती आणि दोधूच्या पेटीचे चारच स्वर निघाले होते. पुन्हा भरायचं तर पुन्हा पैसे हवे होते.

परतीच्या गाडीतून नंदुरबारला उतरल्यावर दोधू म्हणाला, "मी गावले जास. कापूस येचाले तरी माणूस लागसच." मंगलाबाईने त्याला अडवलं नाही. अडवायला तोंड नव्हतं.

थोड्या दिवसांनी तबकडी आली, आणि पाठोपाठ शेठजींचा निरोप: कलेक्टरसाहेब येताहेत, कापसाच्या जिनिंगच्या आवारात नाच झाला पाहिजे, याच तबकडीवर. मंगलाबाईने आधी नाहीच म्हणायचं ठरवलं. मग फोनोला किल्ली देऊन ती शेठजींना ऐकत बसली. पुन्हा पुन्हा ऐकलं. हळूहळू तिचे पाय हलायला लागले. शेठजींचं खाकरणं अगदी समेवर येत होतं. असा पक्का ताल जान्यानेही तिला कधी दिला नव्हता.

कार्यक्रमाला पुढे खुर्च्यांवर साहेब आणि पुढारी मंडळी, मागे जमिनीवर पथारीच्या बाया. शेठजींचा आवाज सुरू झाला आणि मंगलाबाई पोट पुढे काढून, अदृश्य पगडी सावरत आली. शेठजी खाकरले की ती ठेका घ्यायची. 'तो बात ऐसी है' आलं की गिरकी. वडील मारवाडातून निघाले तेव्हा ती वाळूत पाय रुतवत चालली, आणि मिरचीचा भाव आला तेव्हा दोन्ही हातांनी तराजू धरून एक पारडं अंगठ्याने हळूच दाबलं. मागच्या बायांत रमिलाबाई नावाची एक म्हातारी होती. ती हसता हसता आडवी झाली, मग सगळं आवारच हसायला लागलं.

साहेबही हसले. ते इंग्रजीत वकिलांना म्हणाले, "असा विनोदी गाणारा मी मुंबईतही ऐकला नाही. कोण हा?"

वकिलांनी शेठजींच्या कानात मराठी केलं, "साहेब म्हणतात, आवाज फार भारदस्त आहे."

शेठजींनी उभं राहून चारही बाजूंना नमस्कार केला.

किताब काही आला नाही. साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांना कुस्त्यांचा शौक निघाला. मंगलाबाईला मात्र गावोगावची बोलावणी सुरू झाली. आपला आवाज थेट डोंगरातल्या मोलगीच्या बाजारापर्यंत पोचलाय हे कळल्यावर शेठजींनी दुसऱ्या भाषणाची तयारी दाखवली. मंगलाबाईने घसा बसल्याचं सांगितलं. भाषण शेठजींचं आणि घसा हिचा, यात काही चुकतंय हे मंडळात कोणाच्या लक्षात आलं नाही.

हातात चार पैसे आल्यावर ती ब्राह्मणपुरीला गेली. दोधू शेतात होता.

"तुन्हं गाणं बसाडानं शे," ती म्हणाली. "आख्खं. ठसकासगट."

"आनि तबकडी?"

"ती नही. तू वाजाड."

पुढच्या बाजारी मोलगीत नाच झाला. नवा ढोलकीवाला, दोधूची पेटी आणि एकही शब्द शुद्ध न केलेलं गाणं. लोक डोंगरातून चालत आले होते. त्यांनी गाणं मन लावून ऐकलं, ठसक्याला माना डोलावल्या. दोधूने शेवटचा स्वर धरला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात मागून कोणी तरी ओरडलं, "आते शेठ लावा!"

मग सगळेच शेठ मागू लागले. मंगलाबाईने दोधूकडे पाहिलं. त्याने पेटी मिटली, बाजूला सरकवली, आणि मागे झाकून ठेवलेल्या फोनोला किल्ली द्यायला घेतली.