टाकीचा नंबर

लॅपटॉपच्या मोडक्या पायाखाली टेकू म्हणून सारलेलं गॅसचं निळं पुस्तक... त्याचा एक कोपरा मुडपलेला, त्यावर अव्वाच्या, म्हणजे आईच्या, बोटाचा हळदीचा डाग — दानेश्वरी त्या डागाकडेच बघत बसली होती, कारण समोर पडद्यावर तिचं स्वतःचं नाव होतं आणि आज ते तिला पुसायचं होतं.

तीन वर्षांपूर्वी हैदराबादच्या ऑफिसात तिनंच ही ओळ लिहिली होती. कुणी कोड बदलला की बिल्ड सर्व्हरनं कोडच्या भांडारात जायचं, नवा कोड उचलायचा, प्रोग्राम बांधायचा — आत शिरायला खातं लागतं, म्हणून घाईत तिनं आपलंच दिलं. तात्पुरतं! तेव्हापासून सर्व्हर तिच्या नावानं आत जात होता, आणि तिचा पासवर्ड बदलला की सगळं ठप्प होऊन तिला फोन यायचा. उद्यापासून बाळंतपणाची रजा. साहेब, व्यंकटराव, मायेनंच म्हणाले होते, "सर्व्हरला त्याचं वेगळं खातं जोडून द्या, म्हणजे माहेरी, संतपुरात, तुम्हाला कुणाचा फोन येणार नाही." कुणाचाच?... सहा महिन्यांनी परत गेले तर माझी आठवण तरी असेल का तिथं? ही भीती तिनं नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

तिनं नाव पुसलं, नवं खातं जोडलं, चालवून पाहिलं — हिरवी खूण. एकदाही न अडखळता सर्व्हर तिच्यावाचून आत गेला. लेकाचा! तिला त्याचं कौतुक वाटलं, आणि रडूही आलं.

"दानू, टाकी आली बघ! नंबर सांग की, माणूस उभा हाय." अव्वानं बाहेरून हाक मारली.

टाकी घेताना सांगायचा गॅसचा नंबर अजून तिच्याच मोबाईलवर यायचा. मीटिंग सोडून, जिन्यात उभं राहून तिनं तो अव्वाला फोनवर किती वेळा सांगितला होता... आणि त्या निमित्तानं अव्वाचे गुडघे, तूर, शेजारचं भांडण, सगळं बोलून व्हायचं.

"अव्वा, आता गॅसला तुझाच मोबाईल जोडून देते. दोन मिनिटांचं काम आहे."

"कामून?" अव्वा दारातच थबकली. "ऱ्हाऊ दे. ह्या एका कामाला तू मिटिंगात असलीस तरी फोन उचलतीस."

दानेश्वरीनं मोबाईलवर आलेला नंबर उघडला. तिनं चार आकडे सांगितले, एकेक, सावकाश.

"शेवटचा कुठला म्हणलीस?"

अव्वाला नीट ऐकू आलं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं चारही आकडे पुन्हा पहिल्यापासून सांगितले.