शांततेची सवय

माझे यजमान श्यामसुंदर प्रायोगिक नाटकं करतात, म्हणजे लोकांना छळतात, असं मी तीस वर्षं म्हणत आले. दिवसा फॅक्टरीत नोकरी, संध्याकाळी तालीम. एकदा बरगी धरणावर नावेत नाटक केलं, प्रेक्षक काठावर. वारा उलटा, सगळे संवाद पाण्यावर गेले. एकदा रिछाईतल्या कारखान्याच्या बंद शेडमध्ये प्रेक्षकांनाच दोन तास उभं ठेवलं. तरी जबलपूरची आमची मराठी मंडळी येत राहिली. घरचा माणूस, टाकायचा कसा?

त्यांचा लाडका हट्ट म्हणजे शांतता. पात्र मधेच गप्प होणार, पाच-पाच मिनिटं. सुरुवातीला कुणी खोकलं, कुणी ओळ सुचवली, तर हे नाटक थांबवून खेकसायचे. हळूहळू सगळे शिकले. नट गप्प झाला की हात मांडीवर ठेवून आपणही गप्प बसायचं.

गेल्या वर्षापासून मात्र ते ओळी विसरू लागले. तालमीत दोनदा अडले, तेव्हा मला म्हणाले, "विनता, स्टेजवर एकदा जरी अडलो, तर संपलं समज. परत उभा नाही राहणार." नाटक काढून घेतलं तर या माणसात उरणार काय? मला भीतीच वाटली.

परवा रविवारी सकाळी राइट टाउनच्या हॉलमध्ये त्यांचा एकपात्री प्रयोग होता. घरात बायकोची वाट बघणारा म्हातारा. विसाव्या मिनिटाला ते थांबले. इथे थांबायचं नव्हतं, हे फक्त पहिल्या रांगेतल्या मला ठाऊक. बाकी दोनशे माणसं हात मांडीवर ठेवून आदरानं गप्प. मेल्यांनो, कुणीतरी खोका की! दोन मिनिटं झाली. मी चपला काढून सरळ स्टेजवर चढले.

"काहून असे उभे राहिले? बसा न."

"विनता, मला पुढचं आठवूनच नाही राहिलं."

"तर नका आठवू. सकाळी काय खाल्लं ते सांगा."

"पोहे. खारट होते."

हॉल हसला. मग आम्ही घरच्यासारखे भांडत बसलो. भांडता भांडता त्यांना ओळ सापडली आणि नाटक पार पडलं. टाळ्या थांबेनात.

ते पुढे आले. "ते नाटकात नव्हतं. मी विसरलो होतो."

टाळ्या वाढल्या.

"अहो, खरंच विसरलो!"

लोक उभे राहिले. मराठी मंडळाचे सचिव आल्हादजी ओरडले, "वाह भैया, क्या प्रयोग है!"

हे हताश होऊन माझ्याकडे वळले. "तू तरी सांग यांना."

मी गप्प बसले असते तर झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती. पण या माणसाला खोटी टाळी कधी पचलीच नाही.

"खरं आहे," मी म्हणाले. "वर्षभरापासून विसरून राहिले. आता स्टेजवर अडले, म्हणून आजचं शेवटचं, असं मनाशी धरून बसलेत."

टाळ्या थांबल्या. तिसऱ्या रांगेतून ऐंशीच्या प्रतिमाताई काठी टेकत उठल्या.

"शेवटचं काहून? तीस वर्षं तुम्ही मुद्दाम गप्प राहिले, तरी आम्ही बसलो. आता विसरले तर उठून जाऊ का?"

ह्यांनी प्रतिमाताईंना हात जोडले. "मग पुढच्या रविवारी या," कसेबसे म्हणाले. आणि मी भर स्टेजवर, दोनशे माणसांसमोर, पदरात तोंड खुपसून ढसाढसा रडले.