समुद्र मागे गेलाय, अक्का

चेन्नईतल्या एका खासगी एफएम वाहिनीवर तुळजा रविवारी सकाळी श्रोत्यांच्या आवडीची गाणी लावायची. बोलायची तमिळमधून, तंजावरची मराठी फक्त घरी, आईशी. २००४ च्या डिसेंबरातल्या त्या रविवारी सकाळीच जमीन हलली होती, खाटा करकरल्या होत्या. तुळजाने कार्यक्रम तिथूनच सुरू केला. "आज कोणाकोणाला भूमातेने हलवून उठवलं? सांगा पाहू!" लोक फोन करत होते, हसत होते.

मग पट्टिनपाक्कमच्या कोळीवस्तीतून सीतालक्ष्मी नावाच्या बाईचा फोन आला.

"अक्का, मघाशी समुद्राचं पाणी आमच्या गल्लीत आलं होतं. आता परत गेलंय, पण केवढं मागे! वाळूवर मासे तडफडतायत. आमचे हे, व्यंकट, बघायला जायचं म्हणतात. मला भीती वाटते."

तुळजा हसली. "भीती कसली? समुद्र तुमच्या घरी येऊन गेला, आता तुम्ही त्याच्या घरी जाऊन या. दोघंही जा, आणि काय पाहिलं ते मला सांगा."

तिने दोघांसाठी गाणं लावलं. गाणं संपायच्या आत रुचिरा स्टुडिओचं काचेचं दार ढकलून आत आली. साताऱ्याची ही मुलगी फोन सांभाळायची. तिचा चेहरा उतरला होता.

"तुळजा, मरीना किनाऱ्यावर पाणी रस्त्यापर्यंत आलंय. माणसं वाहून गेली म्हणतायत. आणि एकाला नागपट्टणमहून भावाचा फोन आलाय. तिथे किनाऱ्यावरची घरंच राहिली नाहीत."

तुळजाने वाहिनीचे प्रमुख रामस्वामी यांना घरी फोन लावला. "सार, लोकांना सांगू का?"

"आपल्याला बातम्या द्यायची परवानगी नाही, ठाऊक आहे ना? सरकारकडून काही आलंय? नाही ना? मग गाणी लाव. घबराट झाली, चेंगराचेंगरी झाली, तर कोण जबाबदार?"

तिने गाणं लावलं. ते संपल्यावर दुसरं लावलं. रुचिरा सीतालक्ष्मीचा नंबर फिरवत राहिली. पलीकडे नुसतीच घंटी वाजत होती.

दुसरं गाणं तुळजाने मध्येच तोडलं.

"समुद्राकाठी जे असाल, ते आत्ताच्या आत्ता मागे फिरा. मासे, जाळी, होड्या, सगळं राहू द्या. पोरांना उचला आणि पळा. मी मघाशी जाऊन या म्हणाले. चुकले मी. जाऊ नका!"

ती हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. काही वेळाने रामस्वामी धावतपळत आले. काचेबाहेर उभे राहिले, पण तिला थांबवलं नाही. शेजारच्या खोलीत टीव्हीवर एव्हाना मरीना दिसू लागला होता.

दुसऱ्या दिवशी तुळजा आई श्रीदेवीबरोबर एका शाळेत पट्टिनपाक्कमच्या लोकांसाठी काढलेल्या छावणीत भात वाढायला गेली. ती एक शब्द बोलत नव्हती. या वस्तीत तिचा आवाज घरोघरी ओळखीचा होता. बायका ताटं पुढे करत, ती मान खाली घालून वाढत होती. तेवढ्यात मागून कोणी तरी हाक मारली, "सीतालक्ष्मी, तुझं ताट राहिलं!" आणि एक बाई वळली. तिचा हात कोपरापर्यंत सोलवटला होता.

तुळजाच्या हातातला डाव हवेतच राहिला.

"काय गे, थांबलीस?" श्रीदेवीने विचारलं.

"भात संपला का?" सीतालक्ष्मीने विचारलं.

"नाही. घ्या ना."

तो आवाज ऐकून सीतालक्ष्मीने मान वर केली.

"तुम्ही रेडिओवरच्या अक्का."

तुळजाने मान डोलावली.

"आम्ही गेलो होतो, अक्का. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, अक्कासुद्धा जा म्हणाली, चल. मी काठावरच थांबले. मग चहाच्या टपरीवर तुमचा आवाज आला, मागे फिरा. मी ओरडले. पण ते तोवर फार आत गेले होते."

तुळजाच्या डोक्यात रामस्वामींच्या सांगण्यावरून लावलेली ती दोन गाणी वाजू लागली. पहिल्या गाण्याच्या वेळी व्यंकट हाकेच्या अंतरावर असेल. दुसऱ्याच्या वेळीही, कदाचित.

"मीच म्हणाले होते, जाऊन या," ती म्हणाली.

"हो," सीतालक्ष्मी म्हणाली. ना चिडून, ना समजूत घालून. "भात वाढा. मागे पोरं उभी आहेत."

दुपारी तुळजा रामस्वामींच्या समोर जाऊन उभी राहिली. "सार, बेपत्ता माणसांची नावं मी वाचणार आहे."

"परवानगी..." ते म्हणाले आणि तिथेच थांबले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वाच. मी बघतो पुढचं."

तेव्हापासून प्रत्येक गाण्यानंतर ती नावं वाचू लागली. व्यंकट, पट्टिनपाक्कम, निळा शर्ट, डाव्या भुवईवर व्रण. ओळख सांगणारे फोन येत, कोणाची मुलगी तांबरमला मावशीकडे सापडे, कोणाचा म्हातारा इस्पितळात. व्यंकटसाठी फोन येत नव्हता. तरी ती ते नाव कधी गाळत नव्हती. रुचिराने एकदा "जरा थांब, पाणी पी" म्हटलं, तर तिला ते ऐकूही गेलं नाही.

नंतर एका सकाळी रुचिरा आत आली आणि फोनवर हात ठेवून हळूच म्हणाली, "पट्टिनपाक्कमहून सीतालक्ष्मी आहे. तुझ्याशी बोलायचं नाही म्हणतेय. फक्त निरोप आहे. व्यंकट सापडले, अड्यार नदीच्या मुखाशी. आता ते नाव वाचू नका म्हणावं."

माईकवरचा लाल दिवा लागला. तुळजाने ते नाव सोडलं आणि त्याच्या खालचं वाचायला घेतलं.