बटणाला हात लावू नये

डिस्क मेल्याचं दुरुस्तीवाल्याने सांगितलं, तेव्हा तो माझाच चहा पीत होता. तळहातात मावेल अशी ती चपटी काळी एसएसडी त्याने टेबलावर सरकवली. ही जोडली की कॉम्प्युटर कंपनीच्या चिन्हापाशीच अडकतो, काढली की पुढे जातो, म्हणजे दोष हिच्यातच, असं त्याचं म्हणणं. इथवर बरोबर होतं. हे मी त्याला बोलावण्याआधीच करून पाहिलं होतं, पण बाईने स्वतः स्क्रू खोलले हे त्याच्या पचनी पडलं नसतं, म्हणून गप्प बसले. वॉरंटी आहे, कंपनी नवीकोरी डिस्क देईल, जुन्यातलं विसरा, म्हणाला.

“डिस्क नवी मिळेल,” मी म्हणाले. “पाय नवे मिळतील का?”

आमचं दुकान बुटांचं आहे, पण ज्यांचे दोन पाय एकमेकांशी जमवून घेत नाहीत अशाच माणसांचे बूट आम्ही बनवतो. आधी बाबा बनवायचे, आता मी. अकरा वर्षांत तीनशे बारा माणसांचे पाय मी त्या डिस्कमध्ये साठवले होते. माप काय, पुन्हा घेता येईल, असं म्हणणाऱ्याने आयुष्यात कधी माप घेतलेलं नसतं. मास्तरीणबाईंचा डावा पाय दीड इंच आखूड. त्यांचं माप मी एका दुपारी घेतलं आणि ते खरं करायला मला सहा वर्षं लागली. दर वेळी त्या नवा फोड दाखवायच्या आणि मी तिथली रेष जराशी सरकवायचे. गेली दोन वर्षं एकही फोड नव्हता. आता त्यांचा जोड झिजला होता आणि सोमवारीच त्या नवा सांगून गेल्या होत्या. पुन्हा पहिल्यापासून फोड सोसा, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नसती.

आणि हो, दुसरी प्रत होती. ती त्याच डिस्कमध्ये होती. बाबा मापांच्या दोन वह्या लिहायचे आणि दोन्ही एकाच कपाटात एकावर एक ठेवायचे, म्हणजे शोधाशोध नको. वहीचा कॉम्प्युटर झाला, माझी अक्कल मात्र त्याच कपाटात राहिली.

हे घडलं कसं, ते मला ठाऊक होतं. दुकान मिटताना बाबा भिंतीवरची सगळी बटणं एका दमात बंद करतात. शिलाईयंत्र, दिवा, पंखा, कॉम्प्युटर, खट खट खट खट. कॉम्प्युटर आपला आपण मिटू द्यावा, हे मी हजारदा सांगून झालं होतं. मंगळवारी पडद्यावर ‘बंद करू नका’ अशी सूचना होती, मी मागे चामडं गुंडाळत होते, आणि बुधवारी सकाळपासून हे असं. मी बाबांना काही बोलले नाही. तेही बोलले नाहीत, फक्त दोन दिवस माझ्या टेबलाकडे पाठ करून टाचा ठोकत बसले.

दुरुस्तीवाला गेल्यावर मी बाह्या सरसावल्या. जगभरच्या लोकांची रडगाणी फोनवर वाचून काढली. वीज अवचित गेली आणि डिस्क बेशुद्ध पडली, असे कितीतरी निघाले. एकाने उपाय लिहिला होता. डेटाची केबल काढून ठेवायची, डिस्कला नुसती वीज द्यायची. अर्धा तास तिला काही विचारायचं नाही, आतल्या आत ती आपली विस्कटलेली घडी बसवते. मग वीज काढून अर्धं मिनिट थांबायचं आणि पुन्हा अर्धा तास तसंच. डेटाची केबल त्यानंतर.

दुरुस्तीवाल्याला फोनवर सांगितलं तर तो हसला. नुसत्या विजेने डिस्क उठत असत्या तर आम्ही उपाशी मेलो असतो, म्हणाला. मी म्हटलं, मग आजपासून सवय करा, आणि फोन ठेवला.

पहिल्यांदा काही झालं नाही. तेच चिन्ह, तिथेच ठाण. मी हट्टाने पुन्हा सुरुवात केली. दुसरा अर्धा तास संपत आला होता, तेवढ्यात एक वाजला. जेवणाची सुट्टी. खट खट खट खट.

पंखा थांबला. बाबांचा हात अजून बटणावरच होता. संतापाने मी फोन टेबलावर आपटला.

“मंगळवारीही तुम्हीच,” मी म्हणाले.

“माहीत आहे,” बाबा म्हणाले. “बुधवारी तुझा चेहरा पाहिला तेव्हाच कळलं. बोलायचं धाडस झालं नाही, पोरी.”

मग त्यांनी कॉम्प्युटरचं बटण पुन्हा चालू केलं, एका खोक्याचं झाकण कापलं, चामड्यावर खुणा करायच्या पेनाने त्यावर काहीतरी लिहिलं, आणि ते बटणांवर चिकटवून खाली स्टूल टाकून बसले. मी वाचलं. ‘बटणाला हात लावू नये. मीसुद्धा.’

जेवण राहिलं. अर्धा तास झाला, मधलं अर्धं मिनिट बाबांनी मोठ्याने मोजलं, पुन्हा अर्धा तास झाला. मी डेटाची केबल जोडली. चिन्ह आलं आणि थांबलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पडद्यावर माझे सगळे फोल्डर रांगेत उभे होते. मी आधी मास्तरीणबाईंचा डावा पाय उघडला. एकही रेष हललेली नव्हती. मी रडले, उगाच कशाला लपवू.

पण ही डिस्क पुन्हा केव्हा मान टाकेल याचा नेम नव्हता. बाबा समोरच्या दुकानातून नवी डिस्क घेऊन आले आणि मी एकेक पाय तिच्यात उतरवायला लागले. काम गोगलगाईच्या चालीने चाललं. दुकान मिटायच्या वेळी अजून चाळीस माणसं बाकी होती, आणि नेमका तेव्हाच दुरुस्तीवाला वॉरंटीचा कागद घेऊन दारात उभा राहिला. पडदा बघून तो चपापला, पण हार मानेल तर शपथ. ही फार टिकायची नाही, बंद करा, मी घेऊन जातो, असं म्हणत त्याने सवयीने भिंतीकडे हात नेला.

बाबा स्टुलावरून उठले आणि बटणांच्या आड उभे राहिले.

“वाचता येतं ना?” त्यांनी विचारलं. “आज दुकान मिटणार नाही.”