नाव घातलेला गंज

आमच्या सावळीची बस बंद होऊन दीड महिना झाला. कॉलेजात जाणाऱ्या आमी अकरा पोरी रोज पाच किलोमीटर चालून हायवे गाठतो. मी आमच्या चालण्याचा व्हिडिओ टाकला अन् खाली तीस हॅशटॅग ठोकले. ट्रेंडिंग, फॅशन, क्रिकेट, मुंबई, जे सुचलं ते. कुठकुठच्या लोकायनं लाईक दिले. एकीनं तर माही चप्पल कितीची म्हणून विचारलं. बसबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मी मायला सांगितलं. लग्नघरी दिलेला आमचा गंज, मोठं पातेलं, परत आला होता; तो ती घासून राह्यली होती. तिनं तो पालथा केला. बुडाला तिचं नाव कोरलं होतं, विठाबाई.

"यावर साऱ्या जगाची नावं घातली असती, तर हा माह्या घरी आला असता काय?"

मी तीसही टॅग खोडले अन् एकच लिहिला: #सावळीची_बस. अकराही जणी रोज चालतानाचा फोटो त्याच एका टॅगखाली टाकू लागलो. नवव्या दिवशी आदिलाबादच्या पत्रकाराचा फोन आला. त्याच सांजेला उपसरपंच गंगाधर पटेल आमच्या दारात उभे.

"प्रगती, ते सारं काढून टाक. गावाचं नाव खराब होऊन राह्यलं."

"आमच्या पायाला फोड आले तवा नाही झालं काय खराब?"

"काढतं का नाही?"

मी मोबाईल त्यांच्यासमोर धरला.

"पटेल, हेच एकदा कॅमेऱ्यात बोला. टॅग तोच लावते."