चूलबंद

आमच्याकडे परतूरला लग्नाचं आवतण दोन तऱ्हेचं असतं. एका माणसाचं, नाहीतर चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी लग्नघरीच जेवायचं. हा मान फक्त गल्लीतल्यांना. पूर्वी रामप्रसाद न्हावी दारोदार थांबून घरधन्याचं नाव घेऊन सांगायचा.

यंदा शेजारच्या वच्छलाबाईंच्या नातीचं लग्न निघालं. आदल्या संध्याकाळी रामप्रसाद गल्लीच्या मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "उद्या चूलबंद हाय हो!" तेवढंच. बहुतेक दारांना कुलपं. नावं घ्यायची कुणाची?

मी खिडकीत होतो. हाक ऐकू आली, पण ती माझ्यासाठी होती का, ते ठरवता येईना. वर्षभर मी पुण्याला मुलाकडे होतो, नुकताच परतलो होतो. वरद तर फोनवर म्हणालाच, "बाबा, तिथं आता तुम्हाला कोण गल्लीतलं समजतं?" त्याचं बरोबर असावं. पंगतीत जाऊन बसावं आणि कुणी नुसतं वळून पाहिलं, तरी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली. मग खिचडी टाकली. लसणाची फोडणी जरा जास्तच तडतडली.

कुकरची शिट्टी व्हायच्या आत वच्छलाबाई दारात.

"काय शिजून राह्यलं, जगन्नाथभाऊ?"

"खिचडी."

"माझ्या प्रांजलीच्या लग्नात? चूलबंद सांगितलं न्हाई का रामप्रसादनं?"

"सांगितलं. पण मला वाटलं, त्यात मी नसेन."

"गल्लीत घरंच चार राह्यली. तुमाला सोडून काय कुत्र्यामांजरांना सांगू? फोडणीचा वास मांडवात आला. नवरदेवाकडच्या बाया इचारून राह्यल्या, शेजाऱ्याशी भांडण हाय का म्हून! बंद करा तो गॅस. जल्दी."

मी बंद केला. सदरा बदलून येतो म्हणालो, तर त्या दारातून हलल्याच नाहीत.

मांडवात पंगत बसली होती. मी कडेची जागा शोधत होतो, तेवढ्यात त्यांच्या मुलानं, परमेश्वरनं, वरणाची बादली माझ्या हातात दिली.

"बसता काय काका? घरचे मागून. वाढायला माणूस न्हाई."

मी जन्मात कधी पंगत वाढली नव्हती. पहिल्याच पानावर वरण भाताबाहेर गेलं आणि थोडं एका पाहुण्यांच्या धोतरावर उडालं. ते नवऱ्याचे मामा असावेत.

"कोण हो तुम्ही?" ते चिडून म्हणाले.

"मुलीकडचा," मी म्हणालो आणि पुढच्या पानाकडे सरकलो.